घरात बसून, दूरच्या साथीदाराबरोबर गाणं: उपकरणं, सॉफ्टवेअर आणि मिलिसेकंदांचा हिशेब

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या माझ्या एका मित्राने मला गिटारचा ट्रॅक पाठवला होता. त्यावर मला गायचं होतं. फाइल उघडली, हेडफोन लावले, पहिली ओळ धरली आणि खालचे सूर गळ्यात बसेचनात. फोनवर आम्ही ठरवलेली पट्टी ही नव्हे, एवढं कळत होतं. लयही रेंगाळत होती. त्याला वाटलं मी स्वर चुकीचा धरतेय, मला वाटलं त्याने तारा उतरवून लावल्यात. दोन संध्याकाळी यातच गेल्या. शेवटी त्याने सहज विचारलं, "तुझ्याकडे गाणं किती मिनिटांचं दिसतंय?" त्याच्याकडे ते ३ मिनिटांचं होतं, माझ्याकडे ३ मिनिटं १६ सेकंदांचं.

त्या जादा १६ सेकंदांमुळे मी पहिल्यांदा या उपकरणांच्या पोटात डोकावले. तोवर मी माइक, इंटरफेस, प्लगइन यांची नावं वाचत होते, पण त्या नावांमागे काय घडतं ते माहीत नव्हतं. ते एकदा कळलं की काय घ्यायचं आणि काय नाही, हे बरंचसं आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

तर झालं होतं ते असं. माइकमधून येणारा आवाज म्हणजे सतत कमीजास्त होणारा विजेचा दाब. संगणकाला तो तसाच्या तसा साठवता येत नाही, म्हणून तो ठराविक अंतराने मोजला जातो आणि फक्त ती मापं लिहून ठेवली जातात. प्रत्येक मापाला सॅम्पल म्हणतात. मित्राच्या संगणकाने दर सेकंदाला ४८,००० मापं घेतली होती. माझा प्रोजेक्ट ४४,१०० वर लावलेला होता आणि माझ्या सॉफ्टवेअरने ती मापं काहीही न बदलता माझ्या वेगाने वाजवली. एका सेकंदाचा माल पुरवून पुरवून जरा जास्त वेळ वापरल्यासारखं झालं. गाणं लांबलं आणि सूर सुमारे दीड सेमीटोन खाली घसरला.

हे दोन आकडे आले कुठून? माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची, म्हणजे सेकंदाला तितकी, कंपनं ऐकतो. एखादं कंपन नीट टिपायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणजे ४०,००० च्या वर जायला हवं. ४४,१०० हा नेमका आकडा सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत असत त्या टेपच्या हिशेबातून आला, आणि १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने तो कायमचा केला. ४८,००० चित्रपट आणि व्हिडिओच्या जगात रुळला. ऐकताना दोन्हींत फरक जाणवत नाही. साथीदाराशी जमवून घेणं एवढंच महत्त्वाचं. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं फाइल आत घेताना स्वतःहून रूपांतर करतात, पण सगळी नाही आणि दर वेळी नाही. आम्ही आता कुठलंही काम सुरू करण्याआधी एकमेकांना एक ओळ लिहितो: ४८,०००, २४ बिट.

बिट म्हणजे प्रत्येक माप किती बारकाईने घेतलं. १६ बिटमध्ये लाटेच्या उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त. याचा खरा फायदा असा की रेकॉर्ड करताना आवाज हळू ठेवता येतो. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छत आहे. त्याच्या वर काही लिहिताच येत नाही, लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. २४ बिटमध्ये सगळ्यात जोरकस जागाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दिली तरी काही बिघडत नाही, नंतर वाढवता येते. नवशिक्यांची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी मात्र हटकून लाल रंगाला टेकलेली असते, कारण मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज असं आपल्याला वाटत असतं.

माइकच्या आधी खोली

कोणता माइक घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी त्यांना खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवायला सांगते. टाळीनंतर झणझण, टणत्कार किंवा घुमणं ऐकू आलं तर तेच तुमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये येणार. कान ते चटकन विसरतो, माइक विसरत नाही. उघड्या भिंती, फरशी आणि काच आवाज परत फेकतात. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांचं मांडणीघर, गादी आणि पाठीमागे टांगलेल्या दोन जाड रजया, एवढ्याने गाण्याचा आवाज पुष्कळ कोरडा होतो. भिंतीला चिकटवायचे पातळ फोमचे तुकडे दिसायला छान असतात, पण ते फक्त वरचे, तीव्र स्वर शोषतात. १०० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते. बोटभर जाडीच्या फोमला ती काय जुमानणार? उलट वरचं तेवढं शोषलं गेल्यामुळे खोली अजूनच बोदी वाटायला लागते.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे अंतर. माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून वीतभर अंतरावरून गावं. फार जवळ गेलं तर एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकमध्ये खर्ज फुगतो आणि आपल्या फ, भ, प, ब या अक्षरांचा वारा थेट माइकमधल्या पडद्यावर आदळून धप्प असा आवाज येतो. मधे जाळी लावावी, किंवा माइक तोंडाच्या जरा बाजूला, तिरका ठेवावा. मी माइक कपाळाच्या उंचीवर ठेवून खाली झुकवते. 'भ' समोरून निघून जातो आणि माइकला फक्त आवाज मिळतो.

आता माइक. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकात हलतं, म्हणजे छोटा जनित्रच. तो दणकट असतो आणि बाहेरून वीज मागत नाही. रंगमंचावर जगभर दिसणारा शुअरचा एसएम५८ या जातीचा, १९६६ पासून बनतोय. कंडेन्सर माइकमध्ये दोन पातळ पट्ट्यांवर विद्युतभार असतो आणि पट्ट्यांमधलं अंतर बदललं की विजेचा संकेत उमटतो. त्याला बहुतेक वेळा केबलमधूनच ४८ व्होल्ट द्यावे लागतात. इंटरफेसवर '४८ व्ही' लिहिलेलं बटण असतं ते यासाठी. कंडेन्सर श्वासाचे, ओठांचे बारकावे टिपतो, आणि पंखा, शेजारच्या खोलीतला नळ, रस्त्यावरचा हॉर्नही टिपतो. ज्यांची खोली घुमते किंवा घर गजबजलेलं आहे त्यांनी डायनॅमिक घ्यावा आणि जवळून गावं, असं माझं ठाम मत आहे. महागडा कंडेन्सर घेऊन घुमणाऱ्या खोलीत बसण्यात दुःखच जास्त.

यूएसबी माइकमध्ये माइक आणि आवाजाचे आकडे करणारा भाग एकाच डबीत असतो. एकट्याने गायचं असेल तर तो पुरतो. अडचण येते ती दोन यूएसबी माइक एकदम लावल्यावर. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, आणि कुठलीही दोन घड्याळं अगदी तंतोतंत चालत नाहीत, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

म्हणून थोडं पुढे जायचं असेल तर इंटरफेस. ही छोटी पेटी तीन कामं करते: माइकचा अगदी क्षीण संकेत वाढवते, त्याचे आकडे करून संगणकाला देते, आणि संगणकाकडून आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनला देते. दोन इनपुटचा इंटरफेस घरगुती कामाला भरपूर झाला. त्यावर दोन गोष्टी आहेत का ते पाहावं. एक, वाद्यासाठीचं इनपुट, ज्यावर बऱ्याचदा गिटारचं चित्र किंवा 'इन्स्ट' असं लिहिलेलं असतं. इलेक्ट्रिक गिटार साध्या लाइन इनपुटला लावली की तिची धार जाते, आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा होतो. दुसरी, डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे माइकचा आवाज संगणकाला वळसा न घालता सरळ हेडफोनमध्ये येण्याची सोय. तिचं मोल पुढे कळेल.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे घ्यावेत, नाहीतर लय धरण्यासाठी वाजणाऱ्या क्लिकचा आवाज बाहेर गळतो आणि माइकमध्ये शिरतो. ब्लूटूथचे तर गाताना वापरूच नयेत. तिथे आवाज आधी दाबून लहान केला जातो, पुडके बांधून हवेतून जातो आणि पलीकडे परत उलगडला जातो. यात सहज १०० ते २०० मिलिसेकंद जातात. गाणं ऐकताना ते जाणवत नाही, पण गाताना स्वतःचाच आवाज मागून येतो आणि जीभ अडखळते. या कामाला तार हवीच.

बफर नावाची बादली

वर मिलिसेकंदांचा उल्लेख आला, तर आता तेच नीट पाहू. या छंदातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

संगणक प्रत्येक माप आलं की लगेच उचलत नाही. तो बादली भरण्याची वाट पाहतो आणि मग ती पूर्ण बादली एकदम उचलतो. या बादलीला बफर म्हणतात. ४८,००० च्या वेगाने १२८ मापांची बादली भरायला २.७ मिलिसेकंद लागतात, ५१२ ची भरायला १०.७ आणि १,०२४ ची भरायला २१.३. आत येताना एक बादली, बाहेर जाताना एक, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. बादली लहान ठेवली तर विलंब कमी, पण प्रोसेसरला खेपा जास्त. एखादी खेप हुकली की हेडफोनमध्ये टक किंवा खर्र असा आवाज येतो. पुष्कळ जण तेव्हा इंटरफेस बिघडला म्हणून हळहळतात. बऱ्याचदा नुसती बादली मोठी केली की खरखर थांबते.

किती विलंब चालतो? हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साथीचं वाद्य साडेतीन मीटरवर ठेवल्यासारखा. गिटार वाजवणाऱ्याला एवढं सहज चालतं. गायकाला स्वतःचा आवाज हाडांतूनही त्याच क्षणी ऐकू येत असतो, म्हणून त्याला तेवढाही खटकतो. डायरेक्ट मॉनिटरिंग इथे कामी येतं: स्वतःचा आवाज विनाविलंब आणि साथ संगणकातून. रेकॉर्ड करताना बादली लहान, मिश्रणाला बसलं की मोठी, एवढी सवय लावून घेतली की झालं.

विंडोजवर इंटरफेससोबत येणारा एएसआयओ ड्रायव्हर जरूर बसवावा. ही पद्धत स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणली. विंडोजचे नेहमीचे मधले थर टाळून सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी बोलतं. ॲपलच्या संगणकांत हेच काम करणारं कोअर ऑडिओ मुळातच असतं. लिनक्सवर जॅक किंवा हल्ली पाइपवायर.

कुठलं सॉफ्टवेअर?

ज्यात अनेक ट्रॅक एकाखाली एक ठेवून रेकॉर्ड, कापाकापी आणि मिश्रण करता येतं त्याला डॉ म्हणतात, डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन. ऑडॅसिटी २००० साली आलं. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं. रेकॉर्ड करणं, कापणं, आवाज साफ करणं यासाठी ते आजही अनेकांची पहिली पायरी आहे. ॲपल वापरणाऱ्यांना २००४ पासून गॅरेजबँड आयतं मिळतं. रीपर अगदी हलकं आहे आणि जुन्या संगणकावरही पळतं. आर्डर मुक्तस्रोत आहे. ठेका आणि लूप रचून गाणं उभं करायची वृत्ती असेल तर एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लाइव्ह हाताला जास्त लागतं. बँडलॅब आणि साउंडट्रॅप ब्राउझरमध्येच चालतात, दोघांना एकच प्रोजेक्ट उघडता येतो, आणि काहीच बसवायचं नसेल तर सुरुवातीला ते सोयीचे आहेत. यांतलं सगळ्यात चांगलं कोणतं, यावर रात्री जागवू नका. कुठलंही एक घ्या आणि वर्षभर बदलू नका. हात बसतो तो शॉर्टकट, मेनू आणि चुका पाठ झाल्यावर. सॉफ्टवेअर बदललं की ते सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्लगइन म्हणजे डॉच्या आत बसणारी छोटी यंत्रं. व्हीएसटी ही त्यांची सर्वांत पसरलेली जात, १९९६ ची. ॲपलची स्वतःची एयू. काही प्लगइन आवाज तयार करतात. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे सिंथेसायझर फुकट मिळतात आणि कुठल्याही विकतच्या यंत्राला ऐकत नाहीत. काही आलेल्या आवाजावर काम करतात. त्यांतली तीन कळली तरी खूप झालं. इक्यू आवाजातला एखादा पट्टा उचलतो किंवा दाबतो. गायनातून ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं तर पावलांचे आणि टेबलाचे धक्के जातात. कॉम्प्रेसर म्हणजे आवाज चढला की बटण खाली ओढणारा तत्पर हात. रिव्हर्ब खोली देतो. आधी खरी खोली काढून टाकायची आणि मग हवी ती घालायची, असा हा सगळा खटाटोप आहे.

मिडी या शब्दावरून मात्र फार गोंधळ होतो, म्हणून तिथे थोडं थांबते. मिडीमध्ये आवाज नसतोच. त्यात असते ती सूचना. कीबोर्डवरची मधली 'सी' पट्टी दाबली की तारेतून तीन आकडे जातात: १४४, ६०, १००. पहिला सांगतो की पहिल्या वाहिनीवर स्वर सुरू कर, दुसरा सांगतो कोणता स्वर, तिसरा सांगतो किती जोरात. जोर ० ते १२७ मध्ये मोजतात. आवाज कोणता निघणार, पियानोचा की बासरीचा, ते ऐकणारं यंत्र ठरवतं. सिंथेसायझर बनवणारे डेव्ह स्मिथ आणि रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांनी ही एक भाषा मान्य केली, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर तारेने जोडून वाजवून दाखवले गेले. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या लोकांनी बनवलेली भाषा चाळीस वर्षांनंतर आज विकत घेतलेल्या कीबोर्डलाही कळते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

व्यवहारात याचा अर्थ असा. छोट्या मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज बहुधा नसतो, घरी आणून वीज दिली तरी तो मुका राहतो. त्याला डॉ आणि वाद्याचं प्लगइन लागतं. तीन मिनिटांच्या वादनाची मिडी फाइल काही किलोबाइटची असते, चुकलेला एक स्वर नंतर बोटाने सरकवून दुरुस्त होतो, लय बदलली तरी सूर बदलत नाही. पण मिडीचा पाया पट्ट्यांचा आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड हवी तर पिच बेंडचं चाक फिरवावं लागतं. त्या चाकाला १६,३८४ पायऱ्या असतात म्हणून घसरण गुळगुळीत होते, मात्र बऱ्याच वाद्यांत त्याची धाव वर दोन आणि खाली दोन सेमीटोन एवढीच लावलेली असते. ती आधी वाढवून घ्यावी, म्हणजे अर्ध्या वाटेत हात अडकत नाही.

फाइली पाठवून गाणं

दूरच्या साथीदाराबरोबर काम करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आपापल्या वेळी रेकॉर्ड करून फाइली पाठवायच्या. दोन, एकाच वेळी वाजवायचं. पहिल्या मार्गाला वेगवान इंटरनेटची गरज नाही, आणि अजूनही बहुतेक चांगलं घरगुती काम त्याच मार्गाने होतं.

त्यात शिस्त लागते ती सुरुवातीच्या बिंदूची. माझा गाण्याचा ट्रॅक जरी चाळिसाव्या सेकंदाला सुरू होत असला तरी मी फाइल शून्यापासून काढते, आधीची शांतता तशीच ठेवून. मित्र ती आपल्या प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीला टाकतो आणि सगळं आपोआप समेवर येतं. फाइल डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी. एमपी३ पाठवली तर दर्जा जातोच, शिवाय एमपी३ बनताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता जोडली जाते आणि ट्रॅक किंचित मागे पडतो. ढोल आणि गिटार नेमके का जुळत नाहीत हे तेव्हा कुणालाच उमजत नाही. ४८,००० आणि २४ बिटची एक मोनो फाइल मिनिटाला ८.६ मेगाबाइट होते, एफएलएसीमध्ये त्याहून बरीच कमी, आणि त्यात एकही माप हरवत नाही. गप्पांच्या ॲपवर फाइल ऑडिओ म्हणून पाठवू नये, कित्येकदा ती तिथे दाबली जाते. साठवणुकीच्या जागेवर चढवून दुवा द्यावा.

नाव असं ठेवावं की फाइल न उघडता कळावं: गाण्याचं नाव, वाद्य, लय, पट्टी, कितवा प्रयत्न. 'फायनल_नवीन_२' या नावाने आमचा एक सुंदर टेक हरवला, तो आजतागायत सापडला नाही. आणि आवाज कोरडा पाठवावा. घातलेला रिव्हर्ब काढता येत नाही. आपल्या मनातली खोली दाखवायची असेल तर तशी दुसरी प्रत सोबत द्यावी.

दुसऱ्यांचे ध्वनिनमुने वापरताना परवाना वाचावा. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ मध्ये सुरू झालेल्या फ्रीसाउंडवर पावसापासून कारखान्यापर्यंत सगळे आवाज आहेत, पण काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक वापराला चालत नाहीत. सीसी०, म्हणजे सगळे हक्क सोडून दिल्याची खूण, लिहिलेलं असेल तर मोकळीक.

एकाच वेळी वाजवायचं असेल तर

व्हिडिओ कॉलवर कुणाबरोबर तरी टाळ्या वाजवून पाहा. दोघांनी मिळून एक, दोन, तीन, चार. आठ-दहा टाळ्यांतच लय उतरू लागते. तुम्हाला त्याची टाळी उशिरा ऐकू येते म्हणून तुम्ही जरा थांबता, तुमची थांबलेली टाळी त्याला आणखी उशिरा पोचते म्हणून तो थांबतो, आणि दोघं एकमेकांची वाट पाहत पाहत मंदावतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. कॉलचा विलंब १५० च्या घरात गेला की पाव मात्रेहून जास्त फरक पडला.

स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच टाळ्यांचा प्रयोग नीट मोजून केला. दोन माणसं वेगळ्या खोल्यांत बसवली आणि मधला विलंब बदलत नेला. विलंब १० ते १२ मिलिसेकंदांच्या आसपास असताना लय सगळ्यात स्थिर राहिली. त्याहून खूप कमी केला तर लय चढू लागली, आणि वाढवला तसतशी उतरू लागली. एका दिशेचा विलंब २५ ते ३० च्या पुढे गेला की साथ करणं कठीण होतं, असं या क्षेत्रात साधारणपणे धरून चालतात.

कॉलचं सॉफ्टवेअर आणखी एक घोळ करतं. ते बोलण्यासाठी बनवलेलं आहे. एकसारखा लांबलेला आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून ते तो पुसून टाकतं. तुम्ही षड्ज लावून धरा, तीन-चार सेकंदांत तो विरत जाईल. दोघं एकदम गायला लागले की ते प्रतिध्वनी समजून एकाला गप्प करतं. काही कॉलमध्ये 'मूळ आवाज' किंवा संगीतासाठीची सोय असते, ती चालू करून हेडफोन लावले की निदान शिकण्या-शिकवण्यापुरतं चालतं. विलंब मात्र राहतोच.

म्हणून एकत्र वाजवायला वेगळी सॉफ्टवेअरं आहेत. स्टॅनफर्डमधूनच चेफ आणि हुआन-पाब्लो कासेरेस यांनी बनवलेलं जॅकट्रिप आवाज न दाबता पाठवतं. एका मोनो आवाजाला, ४८,००० आणि १६ बिटच्या हिशेबाने, सेकंदाला ७६८ किलोबिट लागतात, म्हणजे आजच्या जोडण्यांना काहीच नाही. जमुलसमध्ये सगळे एका सर्व्हरला जोडले जातात आणि आवाज ओपस पद्धतीने लहान होऊन जातो. सोनोबसमध्ये माणसं थेट एकमेकांना जोडली जातात, दोघा-तिघांना ते सोपं पडतं.

यातून दिसेल की इंटरनेटचा वेग हा प्रश्न नाही. प्रश्न अंतराचा आणि नियमितपणाचा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरला एका दिशेने ५ मिलिसेकंद. हे निसर्गाने घातलेलं बंधन, पैसे देऊन ते कमी होत नाही, आणि प्रत्यक्षात तारा वळणावळणाने जातात म्हणून जास्तच लागतं. दुसरं, आवाजाची पुडकी एका लयीत पोचत नाहीत. एक ८ मिलिसेकंदांत येतं, पुढचं १९ मध्ये. म्हणून ऐकणाऱ्याकडे आणखी एक बादली ठेवावी लागते, जी उशिरा येणाऱ्यांसाठी थांबते. वाय-फायवर हा चढउतार फार, कारण हवा सगळ्यांत वाटून घ्यायची असते. राउटरपासून संगणकापर्यंत साधी इथरनेटची केबल टाकली की ही बादली लहान ठेवता येते. मला विचाराल तर एकत्र वाजवण्यासाठीची पहिली खरेदी ही केबल. माइक नंतर.

अंतर खूपच असेल तर निंजॅम. हे रीपरच्याच कंपनीने २००५ मध्ये आणलं आणि त्यामागची कल्पना मला अतिशय आवडते. विलंब टाळता येत नाही ना, मग तो लांबवून पूर्ण आवर्तनाएवढाच करायचा. तुम्ही आत्ता वाजवता ते दुसऱ्यांना पुढच्या आवर्तनात ऐकू येतं, त्यांचं मागचं आवर्तन तुम्हाला आत्ता. ठोका सगळ्यांचा जुळलेला राहतो. ठरलेल्या बांधणीचं गाणं असं वाजवता येत नाही, पण एकाच सुरावटीवर खेळत राहायला पृथ्वीच्या दोन टोकांची माणसंही एकत्र बसू शकतात.

जमुलसवर मी आणि तो मित्र पहिल्यांदा बसलो तेव्हा केबल होती, बादली १२८ ची होती, पडद्यावर जाऊन-येऊन एकूण विलंब चाळिशीच्या आत दिसत होता, तरी लय ओढल्यासारखी वाटत होती. चूक आमच्या ऐकण्यात होती. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग चालू होतं, त्यामुळे मला स्वतःचा आवाज आधी आणि गिटार नंतर ऐकू येत होती. ते बंद करायचं आणि सर्व्हरवरून फिरून आलेला आपला आवाज ऐकायचा, कारण सर्व्हरवर दोघांचे आवाज एकत्र मिसळलेले असतात आणि तिथलीच लय खरी असते. पहिली पाच मिनिटं तोंड आणि कान भांडतात. गिटार वाजवणाऱ्याला तार छेडल्यावर आवाज किंचित मागून येतो, ते बोटांनी समजून घ्यावं लागतं. मी डोळे मिटले, गळ्यातल्या आवाजाकडे लक्ष न देता हेडफोनमधल्या आवाजाच्या मागे गेले, आणि दुसऱ्या अंतऱ्याला आम्ही दोघं न थांबता एकाच वेळी समेवर आलो.